पाहुण्याला गाळलेलं पाणी

पुरुषानं पाय ठेवला की आमचं तळं वांझ होतं, हे गावातलं तान्हं पोरही जाणतं. म्हणून राजधानीहून आलेले संशोधक बुकर माझ्याशेजारी वाळूच्या टेकडीवर बसून होते आणि खाली बायका दिहे काढत होत्या. दिहे म्हणजे तळ्याच्या खारट, सोडा विरघळलेल्या पाण्यावरची हिरवी साय. वाळूत पसरून उन्हात वाळवली की तिच्या कालवणात घालायच्या वड्या होतात.

बुकरनी माझी विद्यार्थिनी याकाका हिला तीन बाटल्या दिल्या. "तळ्याचं पाणी आण. सूक्ष्मदर्शकातून सगळ्यात आधी तूच बघ. पण गाडी संध्याकाळी निघते हं."

नऊ वर्षांची याकाका उड्या मारत गेली आणि घटकाभरात परत आली. तिन्ही बाटल्यांतलं पाणी नितळ होतं. तिच्यासाठी सूक्ष्मदर्शकाची नळी जुळवताना बुकरनी थेंब काचेवर ठेवून पाहिला.

"यात तर काहीच नाही!"

"असेल कसं? आजीनं चारदा गाळलंय," याकाका म्हणाली. "पाहुण्याला कुणी गढूळ पाणी देतं का?"

"अगं, मला त्यातले जीवच हवे होते!"

बायकांची म्होरकी, याकाकाची आजी फालमाता खालून ओरडली, "मग जेवताना का नाही बोललात? त्यांचे भाऊबंद कालवणात होते. दोनदा मागून घेतलेत!"

बुकर लाजले. याकाकाचा चेहरा मात्र पडला. सूर्य बाभळींना टेकला होता.

मी तिला जवळ बसवलं. "दिहे काढताना आजी काय काय टाळते गं?"

"काठाचं गुलाबी पाणी. त्यानं वडी कडू होते. आणि तळाचा काळा चिखल, तो कुजक्या अंड्यासारखा घाण मारतो."

"गुलाबी, काळं, हिरवं. मग तिथं राहणारे सगळे एकच असतील का?"

ती बाटल्या उचलून पळाली.

"गाळू नकोस गं बाई!" बुकर टेकडीवरून हात जोडून ओरडले.

ती आली तेव्हा कोपरापर्यंत काळी होती आणि घाण तर अशी मारत होती की ड्रायव्हर गाडी सोडून लांब जाऊन उभा राहिला. तिनं नळीला डोळा लावला.

"आई गं! हिरवे माझ्या वेणीसारखे पिळाचे आहेत. गुलाबी नुसते ठिपके. आणि चिखलातले... मास्तर, हे पळतायत!"

मग फालमाता वर आली. ओले हात झग्याला पुसून तिनं बराच वेळ पाहिलं.

"यातले पुरुष कुठले?"

"आजी, यांच्यात बाई-पुरुष नसतंच," बुकर म्हणाले. "एकाचे दोन होतात, दोनाचे चार."

फालमातानं नळीवरचा डोळा काढला आणि आम्हा दोघांकडे वळून पाहिलं.

"तरीच तळं इतकं भरलेलं असतं."