म्हसोबाच्या वळणावर बंद पडणारी सायकल

म्हसोबाच्या वळणावर सकाळी साडेसहालाच जत्रेगत गर्दी जमली होती. कुणी शेणाने भरलेले हात तसेच घेऊन आलेलं, कुणाच्या तोंडात मिशेरी, तर कुणी मोबाइल डोक्याच्या वर धरून उभं. सगळे एका सायकलीची वाट बघत होते. ती रोज, न चुकता, याच जागी बंद पडते अशी पंचक्रोशीत ख्याती झाली होती. एरवी बंद पडलेल्या गाडीला धक्का मारायला बोलावलं तर दोन माणसं मिळत नाहीत. बंद पडणारी गाडी बघायला मात्र शंभर हजर होते.

सायकल आली. मागे दुधाच्या दोन किटल्या, दांडीवर फवारणी पंपाचं छोटं इंजिन आणि सीटवर पदर खोचून बसलेली संयोगिता. वळणापाशी इंजिन आचके देऊ लागलं, दोनदा खोकलं आणि गप्प झालं.

“पडली! पडली की वो बंद!” गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

झाडाखालून आकाराम महाराज उठले. भगवी लुंगी, गळ्यात कवड्यांची माळ आणि कुस्तीच्या फडात पुकारा करावा असा आवाज.

“आलास व्हय रं इजयसिंगा? बायकूला अडवाय आलास?” असं टाकीलाच दटावत त्यांनी तिचं झाकण फिरवलं. ‘फुस्स’ असा आवाज झाला. “ऐकलासा, पावणं? भाईर पडला बघा आत्मा!”

मग त्यांनी टाकीत मंत्र फुंकला, झाकण घट्ट लावलं आणि तेलात कालवलेला शेंदूर वरून जाड थापला. “मार पायडल!”

संयोगिताने पायडल मारून क्लच सोडला. इंजिन फटफटू लागलं. लोकांनी हात जोडले. संयोगिताने जोडले नाहीत. ती महाराजांच्या बोटांकडे बघत होती.

सायकल तिच्या नवऱ्याची, विजयसिंहची. पंपाचं इंजिन त्याने स्वतःच्या हाताने तिच्यावर बसवलं होतं. दोन वर्षांपूर्वी तो गेला, आणि तेव्हापासून वळणापुढे दोन किलोमीटरवरच्या शहरात, मंगळवार पेठेतल्या तीस घरांचा दुधाचा रतीब संयोगिताच घालत होती. जाताना इंजिन, आणि येताना किटल्या रिकाम्या म्हणून नुसतं पायडल. म्हशींचं सासू धोंडुबाई बघायची. दोघींचं बरं चाललं होतं, आणि विधवा बाईचं बरं चाललेलं चारचौघांना फार दिवस बघवत नाही.

खंडेनवमीला धोंडुबाईने घरातल्या विळ्या-कोयत्यांबरोबर सायकलीचीही पूजा केली. त्या दसऱ्यापासून सायकल वळणावर बंद पडू लागली. चौथ्या दिवशी धाकटा दीर विश्वजित महाराजांना घेऊन आला. महाराजांनी डोळे फिरवून निदान केलं, “नवरा मागं वढतोय. बाईमाणसानं येस वलांडू ने, ही त्येची इच्छा हाय.” उपायही तयारच होता. येत्या अमावास्येला संयोगिताने म्हसोबापुढे शपथ घ्यायची की पुन्हा सायकलीला हात लावणार नाही. रतीब विश्वजित घालेल. तोवर धोंडुबाईने रोज सकाळी पेट्रोल भरून झालं की झाकणाला शेंदूर लावायचा.

संयोगिताला त्या शपथेची धास्ती होती. रतीब एकदा हातचा गेला की जन्मभर दिराच्या तोंडाकडे बघत बसायची पाळी, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

“आत्ती, तुमाला खरं वाटतंय ह्ये?” एका सकाळी तिने विचारलं.

धोंडुबाईचा शेंदराचा हात झाकणावर थांबला. “त्यो ह्यात असंल तर असू दे की गं. झाकणावरनं हात फिरवला की लेकाच्या डोसक्यावरनं फिरवल्यागत वाटतंय.”

संयोगिताच्या मनातली पाल मात्र चुकचुकायची थांबली नाही. महाराज मंत्र म्हणण्याआधीच झाकणाकडे का धावतात? मंत्रात एवढी ताकद असेल तर तो बाहेरून का चालत नाही?

विजयसिंहने तिला शिकवलं होतं की इंजिन अडलं की तीन गोष्टी बघायच्या: ठिणगी, पेट्रोल, हवा. तिने प्लग काढून पाहिला, ठिणगी निळीशार. टाकी काठोकाठ. हवेची जाळी धुऊन लख्ख केली. शहरातल्या मिस्त्रीकडे नेली, तर त्याने टाकीत डोकावून एक चक्कर मारली आणि म्हणाला, “वैनी, हिला काय धाड भरल्या? झकास पळत्या की!”

मग तिला एक शंका आली. आत्मा वळणावर बसतो की टाकीत? दुसऱ्या दिवशी तिने वळण टाळलं आणि उसाच्या गाडीवाटेने निघाली. सायकल बंद पडलीच, पण पडली ती एका वांग्याच्या मळ्याशेजारी. तिथे ना म्हसोबा, ना महाराज. घरापासूनचं अंतर मात्र तेवढंच, चार किलोमीटर. भूत किलोमीटर मोजतं हे तिने कधी ऐकलं नव्हतं. तिने स्वतः झाकण उघडलं. फुस्स! पुन्हा लावलं, पायडल मारलं, आणि इंजिन सुरू झालं. तिने ते थांबवलं, झाकण उलटंपालटं करून बराच वेळ निरखलं आणि कुणाला काही न बोलता रतीब घालायला गेली.

अमावास्येला वळणावर उभं राहायला जागा नव्हती. संयोगिताने सकाळी सासूला हवा तेवढा शेंदूर लावू दिला होता. सायकल येऊन ठरल्या जागी बंद पडली. विश्वजित मोटारसायकलीवर टेकून उभा होता. महाराज पुढे झाले, तसा संयोगिताने झाकणावर तळहात ठेवला.

“महाराज, आज मंतर म्हणा. झाकणाला हात न्हाई लावायचा.”

“म्हंजे?”

“मंतरात ताकद हाय न्हवं? मग भाईरनंच म्हणा.”

गर्दीला मजा वाटली. “म्हणा की महाराज!” महाराजांनी म्हटला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा तर घसा बसेपर्यंत. संयोगिताने दर वेळी पायडल मारलं. इंजिन ढिम्म.

“झाकण उघडल्याबिगर आत्मा भाईर कसा पडंल?” महाराज कडाडले.

“पडतोय का आत जातोय ते बघूया की.” संयोगिताने बांगडीत अडकवलेली पीन काढली आणि झाकणाच्या मधोमध शेंदरात खुपसून फिरवली. फुस्स झालं. “बघा, भाईर पडत असता तर शेंदूर वर उडाला असता. कण आत वढलं गेलं.” झाकण न उघडता तिने पायडल मारलं. इंजिन फटफटू लागलं.

एक म्हातारा म्हणाला, “आगं, पर ह्ये झालं कसं?”

“तात्या, तेलाच्या डब्याला आपण भोकं किती पाडतो?”

“दोन. एकाच भोकानं तेल पडत न्हाई.”

“का पडत न्हाई? आत वारं जात न्हाई म्हणून. टाकीचंबी तसंच. पेट्रोल खाली उतराय वरनं वारं लागतंय, त्यासाठी झाकणाला ह्ये बारकं भोक. त्ये शेंदरानं बुजलं. चार किलोमीटर गेलं की पेट्रोल अडतंय. महाराज झाकण उघडून वारं आत सोडत्यात, आन् वरनं परत शेंदूर थापत्यात, उद्याची सोय म्हणून!”

“वैनी, देवाची चेष्टा करू नका!” विश्वजित पुढे आला.

“बरं. देवाचा शेंदूर हाय न्हवं? मग तुमच्याबी टाकीला लावू या.” संयोगिताने महाराजांच्या डबीत बोटं बुडवली आणि त्याच्या मोटारसायकलीकडे वळली.

विश्वजितने दोन्ही हातांनी टाकीचं झाकण झाकलं. “नगं नगं! गाडी बंद पडंल! म्या आदी लावून बघितलाय की!”

मग हशा असा पिकला की झाडावरचे कावळे उडाले.

“म्हंजे भावजी, तुमाला ठावं हुतं,” संयोगिता म्हणाली. तिच्या आवाजात हसू नव्हतं. विश्वजितने मान खाली घातली. महाराज डबी तिथेच टाकून उसात शिरले.

धोंडुबाई गर्दीतून पुढे आली. पदराने तिने झाकणावरचा शेंदूर हळूहळू पुसून काढला. भोक दिसू लागलं.

“पूजेदिवशी म्याच बुजवलं की गं ह्ये,” ती म्हणाली. मग लोकांकडे वळली. “इजयसिंगाला कावीळ झाली तवाबी आमी दंडात दोरा बांधून आठ दिस घरात ठेवला. दवाखाना दोन कोसावर हुता. माझ्या लेकाला कुण्या भुतानं न्हाई नेलं. आमी कारण इचारलं न्हाई, म्हणून गेला त्यो.”

धोंडुबाईने सुनेच्या हातात हँडल दिलं. “जा. शपथ-बिपथ काय न्हाई. रतीब माझी सूनच घालंल.”

वाचकहो, ज्याने त्याने आपल्या घरात एकदा बघावं. यंत्र अडलं, माणूस आजारी पडला, तर त्यामागे कारण असतं आणि ते शोधलं तर सापडतं. न शोधता शेंदूर लावणारा हात कितीही मायेचा असला, तरी त्या मायेने विजयसिंह वाचला नाही.