रानमल्लाची अर्धी मिशी

लटारूला सिंदेवाहीच्या कमळेशी लग्न करायचं होतं आणि आडवी आली ती त्यानं स्वतःच काढलेली मिशी.

लटारू माझा मित्र. चांद्याला सागवानी ठोकळ्यांवर चित्रं कोरायचा, त्यावरून चित्रकथेच्या चोपड्या छापल्या जायच्या. रानमल्ल नावाचा पहिलवान हा त्याचा नायक. एकदा पटाशी घसरली आणि रानमल्लाची अर्धी मिशी उडाली. छापखानेवाला घाईवर आलेला, चोपडी तशीच बाजारात गेली. झालं! लोकांनी ठरवून टाकलं, गेलेली अर्धी त्यानं वाघाला भेट दिली. अक्कल कुठे गहाण टाकली होती देव जाणे! छप्पन्न सालापर्यंत आमच्याकडचा एकूण एक माणूस अर्धी मिशी भादरून हिंडायला लागला. दंडारीच्या खेळात भीमाला अर्धी मिशी, पोळ्याला बैलांच्या तोंडावरही गेरूनं काढलेली अर्धी मिशी.

मी लटारूला घेऊन कमळेच्या घरी गेलो. तिचा बाप सोमाजी बराच वेळ त्याला न्याहाळत बसला.

"पोरगा चांगला हाये जी. पन मिशी पुरी हाये. अशा मानसाचा भरोसा कसा करावा?"

"रानमल्ल मीच काढतो," लटारू म्हणाला.

सोमाजी खो खो हसला. "रानमल्लाले कोन काढन? तो हायेच."

कमळा दाराआडून पाहत होती. लटारूचा तिच्यावर खरंच जीव जडला होता. तो विहिरीवर गेला आणि वस्तरा मागून अर्धी मिशी उतरवून आला.

सोमाजीनं भिंतीवर चिकटवलेलं रानमल्लाचं चित्र पाहिलं, मग याचं तोंड पाहिलं. "नकली! यानं दुसऱ्याच बाजूची काढली."

"ठोकळ्यावर उलटं कोरतात जी," लटारू काकुळतीला आला. "मी रोज ठोकळाच पाहतो!"

"तूच काढतो म्हनतेस, मंग तुले तरी ठाऊक पायजे होतं ना!"

माझ्यानं हसू आवरेना. लटारू तणतणत पुन्हा विहिरीवर गेला आणि उरलेलीही साफ करून आला. सगळी मिशी आमच्याकडे घरचं कोणी गेल्यावरच उतरते. सोमाजीचा चेहरा पडला.

"कोन गेलं, भाऊ?"

"रानमल्ल!" लटारू ओरडला. "मेला एकदाचा!"

सोमाजीनं हंबरडा फोडला. शेजारपाजारची माणसं धावत आली. बायकांनी चुली विझवल्या, न्हाव्यापुढे रांग लागली आणि सांजेपर्यंत गावात कोणाच्या ओठावर केस उरला नाही. ज्यानं त्यानं लटारूच्या गळ्यात पडून रडून घेतलं.

"तू त्याच्या घरचाच हायेस, आता पटलं," सोमाजी डोळे पुसत म्हणाला. "पोरगी तुलेच देतो."

लटारूचा चेहरा फुलला.

"पन दुखवट्याचं वर्स हाये. अवंदा लग्न नाई."

मी कपाळावर हात मारला. कमळा पाण्याचा गडवा घेऊन बाहेर आली. तो लटारूपुढे आदळून म्हणाली, "लग्न लागेपावतर त्याले जित्ता ठेवता आलं नाई तुमाले?"