दफेदाराच्या खोगिराखालची घोंगडी

मित्रांनो, मी एक जुनी काळी घोंगडी आहे, आणि मी टोचते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागून तक्रार नको. सोलापूरजवळ कुंभारीला बिरदेवांच्या घरी मी असते. आता मला दोन ठिकाणी कसर लागली आहे. पण वीस-बावीस वर्षांपूर्वी मी चिंचोक्याच्या खळीने अशी ताठ होते, की उभी केली तर पडत नसे.

माझी लोकर बिरदेवांच्याच मेंढ्यांची. त्यांच्या बायकोने, मायाक्काने, ती चातीवर कातली. सन चौदाचे महायुद्ध सुरू झाले, बिरदेव घोडदळात भरती होऊन निघाले, तेव्हा तिनेच मला त्यांच्या खांद्यावर टाकले. "सरकारचं कांबळं सरकारला. तुमी हिच्यावर निजा," ती म्हणाली.

निजायच्या कामी मी फारशी आलेच नाही. इराकात बसऱ्याकडच्या वाळवंटात सरकारी कांबळ्याने घोडीची पाठ सोलली, म्हणून बिरदेवांनी माझी घडी करून मला खोगिराखाली घातले. घोडी तांबडी, मोठी गुणाची. तिच्या घामाचा वास मला अजून आठवतो. बिरदेव तेव्हा मिलिटरी पोलिसात होते. दंडावर पट्टा, बाहीवर दफेदाराच्या, म्हणजे घोडदळातल्या हवालदाराच्या, फिती! लढाई पुढे चाले आणि मागच्या रस्त्यावर उंट, खेचरे, मोटारी, जखमींच्या गाड्या यांची झुंबड उडे. बिरदेव त्या साऱ्यांना मेंढरांसारखे हाकत, तोंडाने आवाजही तोच काढत. गोरे मोटारवाले हसायचे, पण वळायचे बरोबर. काय दिवस होते ते!

फौज सोडून पळणाऱ्यांना पकडणे हेही त्यांचेच काम. एका सकाळी कोरड्या नाल्यात त्यांना खेचरांच्या तांड्यावरचा एक जवान लपलेला सापडला. आमच्या कुंभारीजवळच्या होटगीचा महिपती. आपल्याकडची बोली ऐकून तो रडूच लागला. म्हणाला, वाट चुकलो. बिरदेवांनी खोगीर उतरवले आणि मला वाळूवर पसरले.

"बस हिच्यावर. आता सांग."

आमच्या धनगरांत घोंगडीवर बसून कोणी खोटे बोलत नाही. महिपतीलाही ते ठाऊक होते. तो बराच वेळ उभाच राहिला. मग बसला.

"पळून चाललो होतो, दफेदार. आई एकली हाय. पत्र आलंय, ती उठंना झालीया."

पळालेल्याला गोळीही घालत असत. बिरदेवांनी मला पुन्हा घोडीच्या पाठीवर टाकले. खोगीर चढवून त्याला घेऊन ते छावणीकडे निघाले. मला वाटले, संपला बिचारा.

छावणीवरच्या साहेबाने विचारले, "हा पळत होता का?" बिरदेव घोडीवर, आणि त्यांच्याखाली मी! ते तसेच खाली उतरले, माझ्यापासून लांब वाळूवर उभे राहिले आणि म्हणाले, "न्हाय साहेब. तापानं भरमला, वाट चुकला." त्यांना खोटे बोलताना मी ऐकले ते तेवढेच.

महिपती सुटला. पण बिरदेव हुकमाशिवाय घोडीवरून उतरले म्हणून साहेब भडकला. का उतरलास, असे त्याने तीनदा विचारले. खरे कारण सांगितले तर महिपती अडकला असता. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर बिरदेवांच्या फिती उसवल्या. युद्ध संपल्यावर घोडीही तिकडेच राहिली. परतीच्या आगबोटीत बिरदेव माझ्यातला घोडीचा वास घेत मला तोंडाशी धरून बसत.

गावात त्या फितींचे भिजत घोंगडे पडून राहिले. (लांबलेल्या गोष्टीला तुम्ही आमचे नाव देता, याचा मला राग आहे.) कोणी म्हणे चोरी केली, कोणी म्हणे दारू प्यायला. बिरदेव गप्प. महिपती होटगीला रेल्वेत लागला होता. तो दर दसऱ्याला येई, पाया पडे, पण तोही गप्पच. बोलला तर नोकरी जायची.

मग बिरदेवांच्या एकुलत्या लेकीची, कस्तुराची, सुपारी फुटायची वेळ आली. मला अंथरून पाहुण्यांना बसवले. मुलाचे वडील सोमलिंग म्हणाले, "पावनं, राग नगा मानू. तुमच्या फिती का काढल्या? घोंगडीवर बसलाय, खरं सांगा. चोरीचं असंल तर आमी उठतो."

बिरदेवही माझ्यावरच बसले होते. खोटे बोलता येईना, आणि खरे बोलावे तर महिपतीचे घर उघड्यावर. दाराआड कस्तुरा सुपारीचे तबक घेऊन उभी होती. माझा जीव नुसता तुटत होता.

बैठकीला महिपतीही आला होता; तो मला सोडून लांब जमिनीवर बसला होता. तो उठला आणि माझ्यावर येऊन बसला.

"पळणारा मी होतो, पावनं. ह्यांनी मला मरणातनं काढलं, म्हणून फिती गेल्या. आता कुणाला सांगायचं त्याला सांगा जावा."

सोमलिंग पुढे सरले. त्यांनी बिरदेवांचा हात धरला.

"दफेदार, सुपारी आणा की."

बारा वर्षांनी त्यांना कोणी दफेदार म्हटले होते.

त्या बैठकीतले बोलणे कोणी बाहेर नेले नाही. महिपतीने आता आपणहून नोकरी सोडली आहे, म्हणून मी आज सांगते. मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी जुनी घोंगडी अडगळीत पडली असेल. तिला वरचेवर ऊन दाखवा, घडीत कडुनिंबाचा पाला घाला. आणि गाव ज्याच्याविषयी काहीबाही बोलते, त्याला तिच्यावर बसवून एकदा नीट विचारा. गप्प राहणारा माणूस दर वेळी चोरच असतो असे नाही. कधी कधी तो दुसऱ्याचे घर सांभाळत असतो.