कोंबडाछाप छत्री

खट्.

कोटांच्या कपाटात एक हँगर दुसऱ्यावर आपटतो आणि पुन्हा सामसूम होते. तळघरातला हीटर सुरू झाला की या घराची फळी न् फळी थरथरते, दुसरं काही नाही. दाराजवळच्या या कपाटात कोपऱ्याला टेकून उभं राहून मला आता तिसरं वर्ष लागलं.

मित्रांनो, मी एक जुनी छत्री आहे. अंगाने थोराड आणि रंगाने एकेकाळी पिवळीधमक. मला कुठल्या कारखान्यात बनवलं ते आठवत नाही. आठवतं ते इतकंच, की आठ काड्यांवर कापड ताणून शिवताना एका बाईच्या बोटाला सुई टोचली आणि तिने ते बोट पटकन तोंडात घातलं. नंतर माझ्या कापडावर एक भलामोठा तांबडा कोंबडा छापला गेला. एका कोंबडीखाद्याच्या कंपनीची ती जाहिरात होती. मला जरा लाजच वाटली, पण छत्रीचं मत कोण विचारतं?

टेनेसीच्या डोंगरांतल्या या गावात दरवर्षी पानगळीच्या दिवसांत जत्रा भरते. तिथल्या सोडतीत पहिलं बक्षीस ट्रॅक्टर होतं आणि एकोणिसावं मी. मला जिंकलं नेल्डाने. नेल्डाने जन्मभर शाळेची बस चालवली. आवाज दणदणीत, गुडघे कुरकुरे आणि तोंडाला विश्रांती नाही. मला उघडून कोंबडा बघितल्यावर ती इतकी हसली, की शेजारच्या तंबूतला माणूस डोकावून गेला.

मला वाटलं होतं, आपण पावसात काम करणार. पण माझं खरं काम निघालं लख्ख उन्हातलं.

गावात एक दवाखाना होता, विटांचा, बैठा. आजूबाजूच्या तीन-चार जिल्ह्यांतून बायका तिथे गर्भपातासाठी येत. पोटात बाळ असे, आणि ते वाढवणं त्यांना नको असे, किंवा जमणारं नसे. दर शनिवारी डॉक्टर येत, आणि दर शनिवारी दाराबाहेरच्या फुटपाथवर माणसं उभी राहत. काही प्रार्थना करत, काही फलक धरत, काही कर्ण्यातून ओरडत, एकदोघं फोटो काढत. म्हणून काही बायका गाडीपासून दारापर्यंत सोबत करायला येत. नेल्डा त्यांतली. ती मला उघडायची आणि गर्दीच्या बाजूला आडवी धरायची, म्हणजे आत जाणारीचा चेहरा कुणाला दिसू नये. चाळीस पावलांचं अंतर होतं ते.

सोबत करणाऱ्यांचे नियम होते. नाव विचारायचं नाही. कारण विचारायचं नाही. गर्दीला उलट बोलायचं नाही. आणि तोंड बंद ठेवायचं नाही, म्हणजे त्या बाईच्या कानात गर्दीपेक्षा आपला आवाज जास्त जाईल. हा शेवटचा नियम नेल्डासाठीच केला असावा.

"हा कोंबडा बघा," ती म्हणायची. "सहा महिने झाले, अजून आरवला नाही. एखाद्या नवऱ्यासारखा आहे, नुसता ऐटीत उभा. जपून हं, इथे फरशी उचकटलीय. तुमच्याकडे पाऊस झाला का? आमच्याकडे टोमॅटो नुसते रडतायत."

कुणी हसत. कुणी रडतारडता हसत. मला त्या हसण्याचा फार अभिमान वाटे.

आता तुम्हाला एक गंमत सांगते. नेल्डाची धाकटी बहीण व्हर्लीन समोरच्या, प्रार्थना करणाऱ्या बाजूला उभी राहायची. आणि दोघी यायच्या एकाच गाडीतून! साखरेच्या आजाराने व्हर्लीनची नजर गेली होती, उजेड आणि आकार तेवढे कळायचे. तिला गाडी चालवता येत नव्हती आणि नेल्डाला तिला घरी सोडून यायचं जमत नव्हतं. मी मागच्या सीटवर, व्हर्लीनच्या फलकाशेजारी पडलेली असे.

"आज तुझ्यासाठीपण प्रार्थना करणार आहे मी," व्हर्लीन म्हणायची.

"कर की. माझ्या डाव्या गुडघ्यासाठी कर. उजवा अजून बरा आहे."

"थट्टा नको करूस. जीव असतो गं तो. एवढासा असला तरी जीव."

"आणि जिच्या पोटात असतो ती? ती काय खोकं आहे?"

"असं मी कधी म्हटलं? म्हणूनच तर दोन दिवस थांबायचा कायदा केलाय. आधी येऊन डॉक्टरांचं ऐकून जावं, अठ्ठेचाळीस तास विचार करावा, मग काय ते ठरवावं. काय बिघडलं त्यात?"

"काही नाही बिघडलं. नव्वद मैलांवरून दोनदा यायचं, दोनदा रजा मागायची, दोनदा घरी खोटं बोलायचं. एवढा विचार करून तर लग्नंसुद्धा होत नाहीत गं!"

"तुझं तर नाहीच झालं," व्हर्लीन म्हणायची, आणि दोघी हसायच्या. दुपारी बारानंतर त्याच गाडीतून जाऊन एकाच टेबलाशी बसून रस्सा घातलेली बिस्किटं, म्हणजे आमच्याकडचे मऊ पाव, खायच्या.

व्हर्लीन वाईट नव्हती, मित्रांनो. तिची तीन बाळं पोटातच गेली होती, मग चौथ्या खेपेला कॅली झाली. ती फुटपाथवर कधी ओरडली नाही. नजर गेल्यावरही बोटांच्या अंदाजाने ती बाळांच्या टोप्या विणायची. एक मुलगी अर्ध्या वाटेतून परत फिरली, तर तिच्या बाळाला वर्षभर लागणारं सगळं व्हर्लीननेच जमवलं. आणि नेल्डाच्या बसमध्ये तिसऱ्या सीटवर बसणारी एक चौदा वर्षांची पोर पोटुशी राहिली आणि एके दिवशी यायची बंद झाली, ती पुन्हा दिसलीच नाही. दोघींच्या मनात आपापलं दुःख होतं. मी दोघींच्या मध्ये उघडी असे, म्हणून मला दोन्हीकडचं ऐकू यायचं.

आता त्या शनिवारचं सांगायलाच हवं.

व्हर्लीन त्या दिवशी चर्चच्या सहलीला जाणार होती. आदल्या संध्याकाळी बसच नादुरुस्त झाली आणि सहल रद्द झाली, म्हणून ती नेहमीसारखी नेल्डाबरोबर आली. सहल रद्द झाल्याचं एका माणसाला मात्र कळलं नव्हतं.

दहाच्या सुमाराला एक निळी गाडी आली. नेल्डाने मला उघडलं, दार धरलं, "या, हा आमचा कोंबडा..." म्हणाली आणि तिथेच थांबली. गाडीतून कॅली उतरली होती. व्हर्लीनची कॅली. वय चोवीस, घरी आठ महिन्यांची मुलगी. ती का आली होती ते मला माहीत नाही. माझ्याखाली कुणी कारणं सांगत नसत.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "आई सहलीला गेलीय ना?"

नेल्डाने नुसती मान हलवली. नाही. मग तिने मला इतकं खाली धरलं, की माझी कड कॅलीच्या खांद्याला लागली. दोघी चालू लागल्या.

आणि नेल्डा काहीच बोलली नाही. हजार अनोळखी बायकांशी टोमॅटोंच्या गप्पा मारणारी ती, स्वतःच्या भाचीशी काय बोलायचं ते तिला सुचेना. दहा पावलं झाली, वीस झाली. एरवी नेल्डाच्या बडबडीत पावलं कधी ऐकू येत नसत. त्या दिवशी आली. लहानपणी झाडावरून पडून कॅलीचा पाय मोडला होता, तेव्हापासून ती उजवं पाऊल किंचित घासून टाकते. टप्, सर्र. टप्, सर्र.

मित्रांनो, मी चेहरे झाकायला शिकले होते. पण आंधळ्या आईपासून लेकीची चाल कशी झाकायची?

"कॅली?" व्हर्लीनने हाक मारली.

त्या हाकेत राग नव्हता, शपथेवर सांगते. अंधारात पोर चाचपडताना ऐकू आली की आई जशी हाक मारेल, तशी ती होती.

कॅली थांबली. तिने हात वर केला आणि माझी कड बोटांत धरली. ती मला वर उचलत होती. आईकडे बघायला असेल, आईला काही सांगायला असेल, नुसतं रडायलाही असेल. मला तिची बोटं अजून जाणवतात. पण नेल्डाचा हात सवयीने चालला. तिने मला पुन्हा खाली ओढलं आणि म्हणाली, "थांबू नकोस. चालत राहा." कॅलीची बोटं सुटली.

तेवढ्यात कर्णेवाल्या माणसाला नाव मिळालं होतं. फुटपाथवर नाव मिळणं म्हणजे काय, ते तिथल्या माणसांनाच कळेल. "कॅली!" तो ओरडला. "कॅली, तुझी आई इथे उभी आहे!" मग दुसऱ्याने हाक घेतली, मग पाच-सहा जणांनी. कॅली, कॅली, कॅली. दारापर्यंत. दार लागल्यावरसुद्धा.

"गप्प बसा!" व्हर्लीन किंचाळली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. "माझी मुलगी आहे ती! गप्प बसा म्हणते ना!"

"ताई, तिच्या भल्यासाठीच ओरडतोय आम्ही," तो माणूस म्हणाला, आणि त्याला खरंच तसं वाटत होतं.

त्या दुपारी दोघी बहिणी एका गाडीतून गेल्या नाहीत. पुन्हा कधीच गेल्या नाहीत.

आमचं गाव लहान. सोमवारपर्यंत पेट्रोल पंपावर आणि केस कापायच्या दुकानात ते नाव पोचलं. महिन्याभरात कॅली मुलीला घेऊन उत्तरेला, इलिनॉयला निघून गेली. जाताना ती आईला भेटली नाही. मावशीलाही नाही.

नेल्डा त्यानंतरही चार वर्षं मला घेऊन उभी राहिली. तोंड मात्र तिने एक क्षणही बंद ठेवलं नाही. पण कोंबड्याची गोष्ट ती आता भराभर सांगायची, कुणी मागे लागल्यासारखी. बायका हसत नसत. ऊन खाऊन मी फिकट झाले, एक काडी वाकली, कोंबड्याचा तुरा उडाला.

मग देशाच्या सर्वांत मोठ्या कोर्टाने गर्भपाताच्या हक्काचा आपला जुना निकाल फिरवला, आमच्या राज्याचा बंदीचा कायदा लागू झाला आणि दवाखान्याला कुलूप लागलं. त्या दिवशी फुटपाथवर गाणी झाली, केक कापला गेला. संध्याकाळी कुणीतरी व्हर्लीनला आमच्या दाराशी सोडलं. तिच्या हातात केकचा तुकडा होता, कागदात गुंडाळलेला.

"तुला वाटत असेल, मी नाचतेय," ती म्हणाली.

"नाही वाटत."

"कॅलीला फोन लावला होता. उचलला नाही."

"माझाही नाही उचलत," नेल्डा म्हणाली, आणि बहिणीचा हात धरून तिला पायरी चढवलं. त्याच रात्री मी या कपाटात आले. तेव्हापासून कोळी आणि मी.

इथे करण्यासारखं काही नसतं, म्हणून मी विचार करते. तो जीव कुणाचा आणि तो हक्क कुणाचा, याचा निवाडा मला करता येत नाही. कोर्टांनीही तो एकदा एक केला आणि पन्नास वर्षांनी दुसरा. माझं मागणं लहान आहे, मित्रांनो. कुणी मान खाली घालून, जपून चाललं असेल तर चारचौघांत त्याच्या नावाने ओरडू नका, प्रेमानेसुद्धा. आणि त्याने स्वतः कड उचलायला हात वर केला, तर तेवढा एक क्षण थांबा. उचलू द्या त्याला. मी थांबले नाही. मला हात नव्हते हे खरं, पण म्हणून रुखरुख काही कमी होत नाही.

गेल्या महिन्यात नेल्डाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. कुणी कळवलं कोण जाणे, पण तिसऱ्या दिवशी दाराशी गाडी थांबली आणि फरशीवर पाऊल वाजलं. टप्, सर्र. कॅली आली होती, तीन दिवसांसाठी. बरोबर तिची मुलगी मार्नी, आता सात वर्षांची, समोरचे दात पडलेली.

दुसऱ्या दुपारी व्हर्लीन बटाट्यांनी भरलेलं ताट घेऊन आली. स्वयंपाकघरात तिघी एका टेबलाशी बसल्या. "मीठ दे," "घे," एवढंच बोलणं चाललं होतं. मार्नीला कंटाळा आला. तिने कपाट उघडलं, मला ओढून बाहेर काढलं आणि खटका दाबला. वाकडी काडी घेऊन मी उघडले, घराच्या मध्यभागी.

"कोंबडा!" ती ओरडली. "नेल्डाआजी, ही कशासाठी आहे?"

नेल्डाने कॅलीकडे बघितलं. कॅली ताटाकडे बघत होती.

"पूर्वी एका दवाखान्यापाशी मी ही घेऊन उभी राहायची," नेल्डा सांभाळून म्हणाली. "आत जाणाऱ्या बायकांच्या सोबतीला. मोठ्या माणसांचं मोठं भांडण होतं ते. मी वाटेच्या या बाजूला आणि तुझी आजी त्या बाजूला."

मार्नीने मला खांद्यावर घेतलं आणि गोल फिरवलं. मग थांबली. आधी एका आजीकडे बघितलं, मग दुसरीकडे. व्हर्लीनने आवाजाच्या दिशेने मान वळवली होती, हातातला काटा तसाच.

"आजी," मार्नीने तिला विचारलं, "मग माझी मम्मा कुठल्या बाजूला होती?"