हिऱ्याने खाल्लेला लाडू

मर्दानगी बाजारात मिळते असे समजणारी माणसे मी आयुष्यभर पाहत आले. पण त्या वर्षीचा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, झाल्यावर आमच्या दिघोरीतल्या गड्यांनी जे केले, त्यापुढे आधीचे सगळे शहाणे वाटतात.

धनीरामचा बैल हिऱ्या त्या वर्षी पटात पहिला आला. पटाच्या आधी परसराम नावाच्या जडीबुटीवाल्याने धनीरामला काही लाडू दिले होते. जंगलातली सफेद मुसळी, खाजकुइलीच्या बिया, उडीद, डिंक, मोहाची फुले, असे सगळे कुटून गुळातुपात वळलेले. धनीरामने ते बैलाला चारले आणि बैल जिंकला. झाले. पुढच्या बाजाराला परसरामने गुलालाने माखलेल्या हिऱ्याचा फोटो गोणपाटावर मांडला आणि ओरडायला लागला, "हिऱ्यानं खाल्लेला लाडू! रोज एक खा, घरवाली हासतच उठते!"

जी माणसे बायकोसोबत कधी दवाखान्यात जात नाहीत, ती या लाडवासाठी उन्हात उभी राहिली. कोणाचे पोट सुटलेले, कोणाचे दात गेलेले, एकाला तर बांधावर चढताना हात द्यावा लागतो. दुपट्ट्याखाली पुडे लपवून घरी न्यायचे आणि चौकात एकमेकांकडे पाहून मिशीतल्या मिशीत हसायचे.

तळ्यावर धुणे धुताना मी शकुनबाईला विचारले, "काय वं, काही फरक?"

"हाय ना काकू," ती कपडा आपटत म्हणाली. "आंधी जेवले का झोपत होते. आता पोट दुखते, तं जागे रायते."

बायका पोट धरून हसल्या. एकटी दीपमाला हसली नाही.

दीपमाला माझ्या शेजारच्या अंकुशची बायको. लग्नाला सात वर्षे झाली होती, पण घरात पाळणा हलला नव्हता. ती भंडाऱ्याला जाऊन स्वतःच्या सगळ्या तपासण्या करून आली होती. डॉक्टरीणबाईंनी सांगितले, तुझ्यात काही दोष नाही, आता नवऱ्याला घेऊन ये. हे ऐकून अंकुश तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा घोळवत म्हणाला होता, "मी कायले येऊ? मी काय बिमार दिसून राहिलो तुले?"

तपासायला लाज वाटे, खायला वाटत नसे. कोणी म्हटले कांद्याचा रस मधात घे, तर घरभर कांदा. कोणी म्हटले लाव्याचा रस्सा, तर पोरांना पाखरांमागे पाठवले. बोकडाचे अंडही तुपात तळून झाले. हे सगळे चुलीवर शिजवायचे कोणी? दीपमालाने. आता तिने रोज पहाटे दूध तापवायचे आणि या गृहस्थाने अंगणात बसून, सगळ्यांना दिसेल असा, लाडू खायचा.

त्याची आई कुंताबाई लाडवापेक्षा कडक. तिने सिहोऱ्याच्या भैय्यालालची मुलगी रीना मनात धरून ठेवली होती. दीपमालाला तिने तोंडावर सांगितले, "पेरणीच्या आंधी काही दिसलं नाही, तं दुसरी आणतो. तू बी राय. तुले कोण हाकलून राहिलं? ढोरंगिरं पाहशीन."

म्हणजे ज्या घरात ती सून होती, त्याच घरात तिने मोलकरीण व्हायचे. तेही फुकट.

मे महिन्याच्या शेवटी भैय्यालाल सोयरीक बोलायला आला. गरीब माणूस, मळकी टोपी हातात धरून बसला होता. शेजारी म्हणून मला बोलावले होते. धनीरामला अंकुशने मुद्दाम बोलावले होते, साक्षीला. कशाची साक्ष, ते लगेच कळले.

भैय्यालाल चाचरत म्हणाला, "पोरीचा जलमाचा सवाल हाय जी. नवरदेवात काही उणं नाही ना?"

अंकुश मांडी बदलून बसला. "मामाजी, तेच सांगून राहिलो. पटापासून आजवर हिऱ्याचा लाडू खाल्लो मी. एक दिवस खाडा नाही. आता उणं असन कोठून? विचारा काकाजीले."

"लाडू तेच हाय," धनीराम म्हणाला. "माझ्यासमोरच घेतलन."

"ऐकलं?" कुंताबाईने पदर सावरला. "जो खुराक बैलाचा, तोच माह्या पोराचा. आता खोट कोणात, ते लेकरू बी सांगन."

डॉक्टरांचा शब्द यांना पटला नव्हता, आणि लाडू पुरावा म्हणून पुढे आला होता. त्याहून वाईट म्हणजे तिथे बसलेल्या गड्यांनी माना डोलावल्या. बैल पाळणारी, नांगर धरणारी ही माणसे!

तेवढ्यात दीपमाला चहा घेऊन बाहेर आली. सगळ्यांना कप दिले. धनीरामपुढे थांबून तिने साध्या आवाजात विचारले, "काकाजी, हिऱ्याची वासरं किती हाय गावात?"

"कायची वासरं वं?" धनीराम हसला. "बैल हाय तो. दोन दाती होता, तवाच खच्ची केला त्याले."

बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आले. हातातला कप तसाच राहिला.

पट जिंकलेला बैल खच्ची केलेला आहे हे गावात सगळ्यांना ठाऊक होते. पण मर्दानगीचा विषय निघाला की यांचे डोके आधी बंद होते. मग मागून कोणीतरी फिस्सकन हसले, आणि हसू आवरता आवरेना. ज्यांच्या घरात अजून लाडू शिल्लक होते, ते मात्र खाली पाहत होते.

भैय्यालालने टोपी डोक्यावर ठेवली. "माही पोरगी हाय जी, ढोर नाही," एवढेच म्हणाला आणि उठला.

"थांबा ना पावणे!" कुंताबाई ओरडली. तो थांबला नाही.

अंकुश दीपमालावर धावला, "चार लोकाईत माही इज्जत काढतं?"

ती हलली नाही. "मी बैलाची गोष्ट केली. तुमची उद्या डॉक्टरीणबाई करन. सकाळच्या गाडीनं चाललात, तं मी या घरात हाय. नाही तं त्याच गाडीनं माहेरी जातो."

सकाळी गाडीत ती खिडकीजवळ बसली होती. मागच्या बाकावर अंकुश होता, ओळख लागू नये म्हणून तोंडाला दुपट्टा बांधून. सगळ्या गावाने त्याला ओळखले.

दोष त्याच्यातच निघाला. औषध सुरू झाले आणि खर्रा बंद करायला सांगितला. कुंताबाई म्हणते, पोराला नजर लागली. म्हणू द्या. रीनाचे नाव तिने पुन्हा काढले नाही. परसरामने फोटो बदलून लाखांदूरच्या कुठल्याशा सांडाचा, खच्ची न केलेल्या वळूचा, लावला, आणि त्याच्यापुढे परत तेच चेहरे उभे राहिले.

घरातला लाडवांचा डबा दीपमालाने धनीरामच्या गोठ्यात नेऊन हिऱ्यापुढे ओतला. त्याने सगळे लाडू खाल्ले, डबा चाटला, आणि खाली बसून शांतपणे रवंथ करू लागला.