पाचवर अडकलेला काटा

मी एक जुना दाबमापक आहे, मित्रांनो. बॉयलरमध्ये वाफेचा दाब किती आहे, ते सांगणारी गोल तबकडी. मोठ्या धुलाईखान्याच्या भट्टीखोलीत मी बावीस वर्षे इमानाने काम केले. बॉयलर चालवणाऱ्या बाबांनी आपल्या लेकीला आकडे शिकवले ते माझ्याच चेहऱ्यावरून. ती डबा घेऊन यायची आणि आधी मला वाचायची.

मग माझ्या पोटात गंज चढला आणि काटा पाचवर अडकला; आत दाब वाढला तरी मी पाचच दाखवायचो. जादा वाफ सोडणारी वरची झडप दिवसभर शिट्ट्या मारू लागली. बाबांनी माझ्या काचेवर टिचकी मारली, पाच पाहिले आणि झडपच बिघडली असे समजून पान्याने तिला आवळले. दुसऱ्या दिवशी आणखी थोडे. मला सगळे दिसत होते, पण वाचा नव्हती. फार भीती वाटायची.

लेकीला मात्र माझे ते पाच खटकले. जेवणाच्या सुट्टीत आच कमी करतात, तेव्हा काटा चारवर यायचा. आता येत नव्हता. तिने आठ दिवस आकडे वहीत टिपले आणि बाबांना दाखवले. बाबा हसले. घरात राहणाऱ्या तिच्या आत्याने तर फर्मानच काढले, की पोरगी मोठी झाली, भट्टीखोलीत तिचे काय काम, आणि पुढच्या वर्षी ते विज्ञानही नको.

दुसऱ्या दिवशी डबा आत्याच ठेवून गेली. झाकणाखाली वहीचा कागद होता: ‘बाबा, एकदा आच पूर्ण बंद करून बघा. काटा हलला नाही, तर तोच अडकला आहे आणि झडप खरी आहे.’

बाबांचा घास हातातच राहिला. बॉयलर गुरगुरत होता. त्यांनी आच बंद केली. दहा मिनिटे गेली, वीस गेली. मी पाचच सांगत होतो. त्यांनी सगळ्यांना बाहेर काढले आणि एकट्याने झडप सैल केली. वाफ कितीतरी वेळ किंचाळत राहिली.

संध्याकाळी डब्याच्या पिशवीतून मी तिच्या टेबलावर आलो. आत्या काही बोलायच्या आत बाबा लेकीला म्हणाले, “उघड याला. का अडकला ते मला समजावून सांग.”

मित्रांनो, माझ्यासारखे खोटे पाच दाखवणारे अजून कितीतरी भिंतींवर टांगलेले आहेत, आणि त्यांना वाचू शकणाऱ्या मुलींना घरी बसवले जात आहे. तुमच्या घरातली पोर बोट दाखवील, तेव्हा काचेवर टिचकी मारून वळू नका. आधी आच बंद करा.