दगडावरचं गोल

दादाचा धंदा फ्लॅटचे फोटो काढायचा. दलाल बोलावतो, दादा कॅमेऱ्याला ते फुगीर काचेचं वाइड अँगल भिंग लावतो, आणि दोन माणसांनी एकमेकांचे पाय तुडवावेत असं स्वयंपाकघर फोटोत हॉलएवढं दिसतं. लोक घर बघायला येतात तेव्हा बाकीचं घर कुठंय म्हणून विचारतात. त्याचंच एक वाक्य होतं, की भिंग रुंद असलं की पायाशी पडलेलंही सगळं फोटोत येतं, म्हणून आधी आवरावं लागतं. चपला, बादली, दात घासायचे ब्रश, सगळं उचलून बाहेर. आम्ही हसायचो.

शुक्रवारी मात्र तो कलावंत असायचा. सकाळी सातला तेच भिंग घेऊन जुन्या दफनभूमीत. कललेल्या शिळा, भेगांतलं गवत, वर अर्धा फोटोभर आभाळ. ही वाट त्याला ठकीमुळे माहीत झाली. ठकी माझी मुलगी, हे नाव त्यानंच ठेवलेलं. सहा वर्षांची असताना तापानं गेली. आमच्या आजोबांच्या शेजारी जागा होती म्हणून तिला जुन्या भागात ठेवली.

मी लाँड्रीत इस्त्रीला आहे, सुट्टी गुरुवारी. दर गुरुवारी संध्याकाळी मी ठकीच्या दगडावर तिचा निळा इनॅमलचा मग ठेवायचे, पाणी घालून, मिळतील ती फुलं घालून. त्याच्या बुडाचा टवका उडालेला, थेंब थेंब पाझरायचा. तिनंच आपटला होता, म्हणून दुसरा आणावासा वाटला नाही.

पुढच्या गुरुवारी जावं तर तो मग नळामागे उपडा पडलेला. असं कितीतरी वेळा. माझा संशय राखणदारावर. म्हातारा बिचारा शपथा घेऊन सांगायचा, बाई, मी हात लावत नाही, उलट तुमचा मग दिसला की गुरुवार होऊन गेला हे मला कळतं. मी तोंडाचा पट्टा सोडला. नुसतं बोलून भागलं नाही, म्हणून नगरपालिकेच्या कचेरीत लेखी तक्रार दिली. त्याला काढून टाकलं. मला तेव्हा बरं वाटलं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

दादाला त्याच वर्षी बक्षीस मिळालं. ‘विसरलेली माणसं’ असं प्रदर्शनाचं नाव. मग पुस्तक निघालं, मुलाखती झाल्या. मी गेले नाही. माझ्या मुलीला भिंतीवर टांगलेली बघायची नव्हती. दादाला ते समजलं असं मला वाटलं.

मग कचेरीनं जुन्या भागावर बस डेपो काढायचं ठरवलं. तीन वर्षांत ज्या कबरीकडे कुणी फिरकलेलं दिसत नाही, तिथली हाडं काढून एका खड्ड्यात एकत्र टाकायची, असा नियम. जिथं कुणी येतं ती कबर जागच्या जागी राहणार, भिंत तिला वळसा घालणार. मी निश्चिंत होते. माझ्याइतकं तिथं येतंच कोण?

सुनावणीला साहेबांनी पुरावा म्हणून टेबलावर दादाचे फोटो मांडले. दादालाही माहितगार म्हणून बोलावलं होतं, इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. इस्त्री मीच केली होती. साहेब म्हणाले, “बघा बाई, तीन वर्षांचे फोटो. एकाही दगडावर एक फूल नाही.”

त्यात ठकीचे चार होते. दगड अगदी पुढ्यात, भिंगानं पलंगाएवढा केलेला. आणि चारही फोटोंत दगडाच्या मधोमध एक ओलं गोल. मगाच्या बुडाचं. माझा मग कोण उचलायचं ते मला त्या टेबलापाशी कळलं, आणि कुणावर खापर फोडलं होतं तेही. माझा मामेभाऊ नव्हे, शेजारी नव्हे, माझा सख्खा भाऊ ठकीला आवरत होता.

मी गोलावर बोट ठेवलं. “दादा, हे कशाचं आहे ते सांग यांना.”

त्याच्या एका वाक्याचं काम होतं. मी उचलायचो, म्हटलं असतं तर ठकी राहिली असती, बक्षीस मात्र गेलं असतं. त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. माझ्याकडे बघितलंही.

“पावसाचं पाणी असेल,” म्हणाला.

राखणदाराला बोलवा असं मी म्हणणार होते. साहेबांनी कागद उलटले आणि विचारलं, त्याला तुमच्याच तक्रारीवरून काढलं ना?

महिन्याभरात काम झालं. ठकी कुठल्या खड्ड्यात, कुणाच्या हाडांत मिसळली, मला सांगता येणार नाही. दगड फोडून भरावाला वापरला.

त्यानंतर एकदा दादा घरी आला. फ्रेम केलेला मोठा फोटो घेऊन, ठकीच्या दगडाचा. “तुझ्यासाठी काढलाय चांगल्या कागदावर,” म्हणाला. चहा घेतला, गुडघा दुखतो म्हणाला, गेला. मला तो फोटो त्याच्या डोक्यात घालायचा होता. पण त्या दगडाचं जगात दुसरं काही उरलेलं नाही, म्हणून ठेवून घेतला.

गुरुवारी मी फ्रेम टेबलावर आडवी ठेवते आणि त्या गोलावर मग ठेवून बघते. तो बसत नाही. गोल बशीएवढं आहे, मग त्यात कुठल्या तरी एका कडेला पडतो. मी काचेवरचं पाणी पुसते आणि फ्रेम परत कपाटामागे सरकवते.